प्राध्यापक बाबासाहेब आणि फळ्यापर्यंतची वाट

महामानव, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे. चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा हे प्रसंग आपल्या घराघरांत आणि विहाराविहारांत सांगितले जातात. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या आयुष्याच्या थोड्या कमी सांगितल्या जाणाऱ्या बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती बाजू म्हणजे वर्ग. बाबासाहेब विद्यार्थी म्हणून वर्गात बसले, प्राध्यापक म्हणून वर्गापुढे उभे राहिले, प्राचार्य म्हणून त्यांनी महाविद्यालय चालविले आणि अखेरीस स्वतः महाविद्यालये स्थापन केली. या चारही भूमिकांतून त्यांनी एका प्रश्नाचा विचार केला. उच्च शिक्षणात गुरूने बोलावे आणि शिष्याने ऐकून टिपून घ्यावे, एवढ्याने शिक्षण होते काय? की शिष्याने स्वतः वाचावे, शोधावे, लिहावे, शंका घ्यावी आणि आपले मत चारचौघांत तपासून घ्यावे, तेव्हाच ते होते?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. निवासी विद्यालयातून बाहेर पडणारी आपली मुले जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथील महाविद्यालयांत जातात. त्यांतील पुष्कळ मुले घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढतात. तेथे गेल्यावर ती वर्गात काय करतात, यावर त्यांचे पुढील आयुष्य अवलंबून असते. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्रातील हे पान आज उघडणे आम्हास अगत्याचे वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे प्राथमिक शिक्षण साताऱ्यास झाले. तेथील शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे कुटुंब मुंबईस आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. तेथे एकदा शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. त्याबरोबर वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचण्याआधी मुलांनी धावत जाऊन आपापले डबे दूर केले आणि मगच त्यांना फळ्याला हात लावता आला.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने त्यात आणखी एक अर्थ भरलेला आहे. वर्गाच्या कोपऱ्यात बसून ऐकण्यास भीमरावांना कोणी हरकत घेतली नव्हती. ऐकणाऱ्याने काही मागितलेले नसते. गलका झाला तो ते उठून फळ्याकडे निघाले तेव्हा. फळ्याजवळ जाणे म्हणजे वर्गातील ज्ञानाच्या व्यवहारात बरोबरीच्या नात्याने भाग घेणे होय. जातिव्यवस्थेला खरी अडचण होती ती या भाग घेण्याची. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छाही अशीच अडविली गेली आणि त्यांना फारसी भाषा घ्यावी लागली. कोणी काय ऐकावे आणि कोणी काय बोलावे, हे आधीच ठरवून टाकणाऱ्या समाजात ते शिकत होते.

या काळात त्यांचे खरे शिक्षण वर्गाबाहेर झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. त्यांनी त्याला पुस्तके दिली आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले. त्या एका पुस्तकाने पुढे काय घडविले, हे आपणांस ठाऊक आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयातही काही प्राध्यापकांनी त्यांना पुस्तकांची मदत केली. वाचनाची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

१९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांनी तेथे किती विषयांना हजेरी लावली हे पाहिले तर थक्क व्हावे लागते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले; शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचा एकेक. त्यांच्या गुरुजनांत अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन, इतिहासकार रॉबिन्सन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे होते. शिकणारा हा रिकामे भांडे नसून अनुभवातून आणि कृतीतून तो शिकतो, लोकशाही आणि शिक्षण यांचे नाते अतूट आहे, हा विचार जगाला देणारे ते हेच ड्युई. लोकशाही व शिक्षण या विषयावरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. बाबासाहेब कोलंबियात होते तेव्हाच हा विचार तेथे आकार घेत होता.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. कृतीतून शिकण्याचा पुरस्कार करणारे ड्युई स्वतः वर्गात व्याख्यानच देत असत आणि वक्ते म्हणून ते काही प्रभावी नव्हते. बोलता बोलता ते स्वतःशीच विचार करीत, थांबत, पुन्हा मागे येत. तरीही बाबासाहेबांनी त्यांची व्याख्याने अत्यंत मन लावून ऐकली. पुढे तीस वर्षांनीसुद्धा ते आपल्या या गुरूंच्या वर्गातील लकबी हुबेहूब करून दाखवीत, अशी आठवण माईसाहेबांनी सांगून ठेवली आहे. व्याख्यान टाकाऊ असते असा निष्कर्ष म्हणूनच बाबासाहेबांच्या चरित्रातून काढता येणार नाही. त्यांनी ज्याचे ऐकले तो माणूस समोर उभा राहून विचार करीत होता, आणि ऐकणारा विद्यार्थी वर्गातून उठून थेट ग्रंथालयात जाणारा होता. या दोन गोष्टी असल्या म्हणजे व्याख्यानही जिवंत होते.

कोलंबियात दुसरीही एक पद्धत होती. ती चर्चासत्राची. तेथे प्राध्यापक कमी बोलत. विद्यार्थ्याने एखादा विषय घेऊन स्वतः शोध करावा, निबंध लिहावा, तो सर्वांपुढे वाचावा आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत, असा शिरस्ता होता. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींची घडण, उगम आणि प्रसार यांविषयीचा आपला निबंध वाचला. जातीबाहेर विवाह करण्यास बंदी हे जातिसंस्थेचे मूळ लक्षण आहे, असे त्यांनी त्यात मांडले आणि त्या काळी मान्यता पावलेल्या पंडितांची मते एकेक करून तपासली. पुढील वर्षी हा निबंध छापून प्रसिद्ध झाला. ज्या मुलाला मुंबईत फळ्यापर्यंत जाताना वर्गाने गलका करून अडविले होते, तोच येथे वर्गापुढे उभा राहून त्या गलक्याचे कारण शास्त्रशुद्ध रीतीने उलगडून दाखवीत होता. त्याला कोणी तयार उत्तर लिहून दिले नव्हते. ते त्याने स्वतः शोधले होते.

लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत हाच अनुभव अधिक कसोटीचा ठरला. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसचे दिवस घालवून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सिद्ध केला. परीक्षकांना तो फार जहाल वाटला आणि त्याची पुन्हा मांडणी करावी लागली. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली आणि प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. त्या ग्रंथास त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. विशेष म्हणजे आपल्या शिष्याचे मुख्य प्रतिपादन आपणांस पटत नाही, हे कॅनन यांनी त्या प्रस्तावनेतच स्पष्ट केले आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाची व युक्तिवादाची वाखाणणी केली. गुरूचे मत शिष्याने उचलले नाही, याचा गुरूला राग आला नाही. असे गुरु-शिष्य आपल्या महाविद्यालयांतून किती आढळतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

लंडनच्या या दोन पर्वांच्या मधल्या काळात, नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत, बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. आरंभी विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी फारशी आस्था नव्हती. हा अस्पृश्य माणूस आपणांस काय शिकविणार, असा भाव होता. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकतही घेतली. परंतु त्यांची तयारी इतकी कसून असे आणि विवेचन इतके सखोल असे, की थोड्याच दिवसांत इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही त्यांचे तास ऐकण्यास येऊ लागले. उत्तम व्याख्याता म्हणून लौकिक मिळवणे त्यांना मुळीच अवघड गेले नाही.

आणि म्हणूनच पुढे त्यांनी काय म्हटले याला मोल आहे. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेचा विचार करणाऱ्या समितीने प्रश्नावली काढली. तिला बाबासाहेबांनी सविस्तर लेखी उत्तर दिले. विद्यापीठीय शिक्षण प्रौढ बुद्धीच्या माणसांना साजेसे असावे. ते शास्त्रीय, तटस्थ आणि निःपक्षपाती असावे. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती आणि सिद्धान्त भरण्यापेक्षा त्याचे व्यक्तित्व आणि त्याची स्वतःची बौद्धिक धडपड जागी करण्याकडे त्याचा कल असावा. मान्यवर ग्रंथकारांची चिकित्सा करण्याची, प्रसंगी मूळ साधनांकडे जाण्याची सवय त्याला लागावी. आणि सत्य मिळविणे किती कठीण व किती मोलाचे आहे याची जाणीव त्याला व्हावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पदवीपूर्व आणि पदव्युत्तर शिक्षणाची फारकत करण्यासही त्यांचा विरोध होता, कारण तसे केल्यास अध्यापन एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे अशी दोघांचीही हानी होते. जो स्वतः शोध करीत नाही तो दुसऱ्याला शोध करण्यास कसे शिकविणार, हा त्यामागचा विचार होता.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा झाली, तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट निक्षून मांडली. बुद्धी आहे पण पैसा नाही, किंवा अन्य अडचणींमुळे जे मागे राहिले, अशांना उच्च शिक्षणाची सोय करून देणे हे विद्यापीठाचे आद्य कर्तव्य आहे, असे त्यांचे मत होते. म्हणजे त्यांच्या विचारात दोन धागे एकत्र विणलेले होते. विद्यापीठाचे दार सर्वांना उघडे असावे, आणि दारातून आत आलेल्यास स्वतः विचार करण्यास लावावे. नुसते दार उघडून भागत नाही. आत येऊन कोपऱ्यात गप्प बसणाऱ्याला शिक्षण मिळाले असे म्हणता येत नाही.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. चौकशी आटोपून धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. स्थानिक बांधवांनी त्यांना महारवाड्यात मुक्कामाचा आग्रह केला. परंतु स्टेशनवरील एकही टांगेवाला त्यांना घेऊन जाण्यास तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी चालत जावे हे बांधवांना रुचेना. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही, आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा एका बांधवाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या फरशीवर अपघात झाला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि घोडा-टांगा नदीत कोसळला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे वेटिंग फॉर अ व्हिसा या आपल्या आत्मकथनपर लिखाणात सांगितला. त्या लिखाणाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. परदेशी वाचकाला अस्पृश्यता कशी समजावून द्यावी, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. सर्वसाधारण वर्णन करावे, की प्रत्यक्ष घडलेले प्रसंग समोर ठेवावेत? त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. जातिसंस्थेवर शेकडो पानांचे विवेचन करू शकणाऱ्या पंडिताने येथे सिद्धान्त बाजूला ठेवून साताऱ्याचे गोणपाट, बडोद्याची धर्मशाळा आणि चाळीसगावचा टांगा एवढेच वाचकापुढे मांडले. हमालीसारखे काम करणारा टांगेवालाही स्वतःला बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्याहून श्रेष्ठ का समजतो, याचा विचार वाचकाने स्वतः करावा, ही त्यामागची दृष्टी. पुढे कोलंबिया विद्यापीठातच हे लिखाण अभ्यासासाठी वापरले गेले. आपल्या चाळीसगावच्या नदीवर घडलेली घटना न्यूयॉर्कच्या वर्गात विद्यार्थ्यांना विचार करावयास लावते, याचा खान्देशाला खेदही असावा आणि त्यातून शिकण्याची जिद्दही असावी.

१९३५ ते १९३८ या काळात बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी ते धुळ्यास आले आणि लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी ३१ जुलैला आपण हजारोंच्या संख्येने तेथे जमून त्या मुक्कामाचे स्मरण करतो. तेथे माथा टेकताना हेही आठवावे, की त्या दिवशी धुळ्यात आलेले बॅरिस्टर हे एका महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. वर्षभरापूर्वीच त्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या नियतकालिकात कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला होता. नुसता कायदा शिकून वकील पुरता तयार होत नाही, त्याला अन्य पूरक विषयांच्या अभ्यासाची जोड हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. कलमे पाठ असलेला माणूस आणि त्या कलमांचा माणसाच्या जगण्याशी संबंध लावू शकणारा माणूस, यांतील अंतर त्यांना न्यायालयात रोज दिसत होते.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. योगायोग असा, की त्याच वर्षी जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय सुरू झाले. उच्च शिक्षणासाठी पुणे-मुंबईची वाट धरणाऱ्या खान्देशातील मुलांना आपल्या मुलखात महाविद्यालय मिळाले. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरविले जात. या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. विद्यार्थी तेथे विधेयके मांडीत, बाजू घेऊन वाद करीत, मतदान घेत. राज्यशास्त्राच्या पुस्तकातील प्रकरण वाचून संसद समजते त्याहून ती स्वतः चालवून अधिक समजते. देशाचे कायदेमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी विद्यार्थ्यांच्या या संसदेपुढे हिंदू कोड बिलाविषयी भाषण केले, यावरून त्यांना तिचे किती महत्त्व वाटत होते ते कळते.

१९५० साली औरंगाबादला महाविद्यालय निघाले. पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले गेले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. या नावांत बाबासाहेबांचे सारे शिक्षणशास्त्र सामावले आहे. मिलिंद हा ग्रीक राजा वादविवादात अजिंक्य होता. भदन्त नागसेनांनी त्याचे आव्हान स्वीकारले, पण बोलण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घेतली. संवाद पंडितांच्या रीतीने व्हावा, राजांच्या रीतीने नव्हे. पंडितांच्या संवादात एकाचे म्हणणे दुसरा खोडतो आणि त्याचा कोणी राग धरीत नाही. राजाचे म्हणणे जो खोडील त्याला शिक्षा होते. राजाने हे मान्य केले. मग रथ म्हणजे काय, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, असे एकेक विचारीत नागसेनांनी राजाला अशा ठिकाणी आणले की उत्तर राजाच्याच तोंडून निघाले. महाविद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे, म्हणजे मिलिंदाचे. उत्तर देणाऱ्या नागसेनांचे नाव परिसराने घेतले. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना केलेला उपदेशही याच वळणाचा आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, एवढेच काय, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही एखादी गोष्ट खरी मानू नये. ती स्वतः पारखून घ्यावी आणि हितकारक ठरली तर आचरावी, असे तथागतांनी त्यांना सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपणांस ज्या धम्माची दीक्षा दिली, त्या धम्मात गुरूला प्रश्न विचारणे हे पाप नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्यामागे त्यांच्या संस्था उरल्या, ग्रंथ उरले आणि हा प्रश्नही उरला.

आज चित्र काय आहे? १५ ऑगस्ट १९९० पासून जळगावला स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि आता ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. ज्या माउलीने शाळा पाहिली नाही आणि शेतात, जात्यावर, विहिरीवर डोळस राहून जीवनाचा अर्थ शोधला, तिचे नाव विद्यापीठाला असणे किती अर्थपूर्ण आहे! परंतु महाराष्ट्रभरातील अनेक वर्गांत अजूनही एकजण बोलतो आणि शंभरजण उतरून घेतात. परीक्षेच्या आधी गाईड आणि नोट्स यांवर भिस्त असते. यात सारा दोष प्राध्यापकांचा नाही. वर्ग मोठे आहेत, जागा रिकाम्या आहेत, कित्येक अध्यापक तासिका तत्त्वावर राबत आहेत. अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्या घरातून आलेले मूल इंग्रजी व्याख्यानापुढे गप्प होते आणि त्या गप्प बसण्यालाच शिस्त समजले जाते.

जगात या विषयावर जे संशोधन झाले ते बाबासाहेबांच्या विचाराला पुष्टी देणारे आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ साली विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत शंभरांपैकी सुमारे ३४ विद्यार्थी नापास होत होते. जेथे विद्यार्थ्यांना प्रश्न सोडविण्यास, एकमेकांशी चर्चा करण्यास लावले जाई तेथे हे प्रमाण सुमारे २२ होते. २०२० सालच्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले, की वंचित समाजातील विद्यार्थी आणि इतर यांच्या गुणांमधील अंतर अशा अध्यापनाने सुमारे एकतृतीयांशाने घटले. मात्र वर्गातील बहुतांश वेळ या कामाला दिला गेला तेथेच हा लाभ झाला. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांतून २०१९ साली आणखी एक गोष्ट कळली. सफाईदार व्याख्यान ऐकून विद्यार्थ्यांना आपण पुष्कळ शिकलो असे वाटते. प्रत्यक्षात जेथे त्यांना स्वतः झगडावे लागले तेथेच ते अधिक शिकलेले असतात.

या आकड्यांत आपल्यासाठी एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ज्याचे आईवडील महाविद्यालयात शिकलेले आहेत, तो मुलगा व्याख्यान ऐकून घरी गेला तरी त्याला विचारण्यास माणूस असतो. ज्याच्या घरी तसे कोणी नाही, त्याला प्रश्न विचारण्याची जागा वर्ग हीच. ती जागा त्याला मिळाली नाही तर त्याचे नुकसान दुप्पट होते. अर्थात चर्चा म्हटली की जो आधीच धीट आहे तोच बोलणार आणि मागच्या बाकावरचा पुन्हा मागेच राहणार, हा धोकाही आहे. म्हणून प्रत्येकाची पाळी यावी, प्रत्येकाने आधी दोन ओळी लिहाव्यात, शेजाऱ्याशी बोलावे आणि मग वर्गापुढे मांडावे, अशी बैठक शिक्षकाने घालून दिली पाहिजे. फळा सर्वांसाठी मोकळा आहे असे नुसते जाहीर केल्याने कोपऱ्यातले मूल उठून येत नाही. त्याचे नाव घेऊन त्याला बोलवावे लागते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत जे प्राध्यापक आणि शिक्षक आहेत त्यांना आमची विनंती आहे. तासातील दहा मिनिटे तरी विद्यार्थ्यांच्या हाती द्या. पालकांना विनंती आहे, की मूल सुटीत घरी आले म्हणजे किती गुण मिळाले याबरोबरच वर्गात कोणता प्रश्न विचारलास, हेही विचारा. आणि जी मुले येथून महाविद्यालयात जातील त्यांना आमचे सांगणे आहे, की चौघे-पाचजण मिळून अभ्यास मंडळ काढा, तासाला जाण्यापूर्वी धडा वाचून जा, व्याख्यान मन लावून ऐका आणि ऐकलेले ग्रंथालयात जाऊन पडताळून पाहा. बाबासाहेब असेच शिकले.

एल्फिन्स्टन हायस्कुलातील त्या वर्गात फळ्यामागचे डबे हलविले गेले, त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली. भीमरावांनी त्या गलक्यातही फळ्यापर्यंतची वाट चालून उदाहरण सोडविले. ती वाट त्यांनी आपल्या मुलांसाठी मोकळी केली आहे. आता तिच्यावरून चालण्याचे काम आपले. आपल्या विद्यालयाच्या प्रत्येक वर्गात, प्रत्येक दिवशी, आदल्या दिवशी गप्प बसलेले एक तरी मूल उठून फळ्याजवळ यावे, एवढे आम्ही घडवू शकलो, तर ती या महामानवाला आमची खरी आदरांजली ठरेल.

नमो बुद्धाय! जय भीम!